फांदी कुठे टेकवायची

डर्बन, ९ मे

गाबीताई,

तू, शेळ्या आणि मामा, सगळे बरे असाल. (हा क्रम मामांना दाखवू नकोस.) ज्वारीचं पीठ पोचलं. माझे गुडघे होते तसेच आहेत. फोन का करत नाही म्हणून रागावली असशील. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि हे मला एका दमात सांगायचं आहे.

तू लिहितेस, गेल्यापासून भेकी तीनदा स्वप्नात आला, आपला भाऊ असून उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि बस म्हटलं तर म्हणाला, "बसायला जागा कुठाय?" मग विचारतेस, त्याला नीट आणलंस ना?

माणूस मेला त्या जागेवरून त्याला फांदीवर बसवून घरी आणायची रीत मी चुकवली नाही. आपल्या आवारातल्या बोरीची फांदी मामांनीच तोडून आणली. प्रेत इथेच सापडलं म्हणून पोलिसांनी दाखवलेल्या कालव्याच्या काठी मी ती टेकवली, कुळाचं नाव घेतलं, म्हटलं, "भेकी, ऊठ, घरी जाऊ." मग गावच्या घरापर्यंत कुणाशी शब्द बोलले नाही. शेअर टॅक्सीत फांदीसाठी वेगळी जागा घेतली. वाटेत एक बाई चढली. "मावशी, ते झुडूप मांडीवर घ्या की. मी काय टपावर बसू?" मी गप्प. मामा म्हणाले, "झुडूप नाही, माझा भाचा बसलाय." तिने डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि मागे जाऊन बसली. ड्रायव्हरने गाणी बंद केली.

इथपर्यंत तुला माहीत आहे.

काम सुटल्यापासून भेकी रस्त्यावर राहतो, एवढंच मी तुला सांगितलं होतं. कुठल्या रस्त्यावर, ते सांगितलं नाही. तो माझ्याच इमारतीच्या पुढच्या ओसरीत झोपायचा. शेवटच्या भांडणात मी म्हटलं होतं, दारू सोडशील त्या दिवशी वर ये. तो वर आला नाही, आणि लांबही गेला नाही. सकाळी मी पाव आणायला निघाले की तो पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचा आणि मी पर्समध्ये काहीतरी शोधत पुढे जायचे. सात महिने असेच गेले.

मग रहिवाशांनी तक्रार केली. कमिटीची चिटणीस मीच. ओसरीत सिमेंटमध्ये दगड बसवायचं ठरलं. निवडायलाही मीच गेले. कंत्राटदार म्हणाला, "बाई, गोल घ्या, दिसायला बरे." मी म्हटलं, "गोल दगडावर माणूस निजतो. टोकदार द्या."

ताई, मला वाटलं, टोचलं की वर येईल. वर्गात मागच्या बाकावर पेंगणाऱ्या मुलाला उठवलं की ते पुढे येतं, हेच आयुष्यभर केलं. पलंगावर मी धुतलेली चादर घालून ठेवली होती. बावीस तर पायऱ्या आहेत.

तो कालव्यावर गेला.

तुझं पत्र मंगळवारी आलं. बुधवारी मी कोपऱ्यावर कणसं भाजणाऱ्या मा-डुबेकडे थांबले. ती त्याला चहा द्यायची. विचारलं, कालव्यात तो नेमका कुठे निजायचा?

तिने कणीस फिरवलं. "बाई, कालव्यात शोधू नका."

"मग कुठे?"

"पाणी चढलं तेव्हा तो इथेच परत आला. तुमच्या दगडांवर पुठ्ठे टाकले. आडवं होता येईना, म्हणून भिंतीला टेकून उकिडवा बसला. सकाळी मी शेगडी घेऊन आले तर तसाच. गार पडलेला."

"कालव्यावर कसा गेला मग?"

"रखवालदाराने दोघांना हाताशी धरून नेऊन ठेवला. दारात मेला हे कमिटीला कळलं तर नोकरी जाईल अशी भीती त्याला. म्हणाला, त्या बाई मला सोडायच्या नाहीत." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कणीस घेता का? करपतंय."

म्हणजे मी हाक मारली तिथे भेकी नव्हताच. टॅक्सीतल्या त्या जागेवर कुणी बसलेलं नव्हतं. आपण बकरा कापला, बिअर ओतली, ती कुणासाठी? तो अजून माझ्या दारात उकिडवा आहे.

तेव्हापासून मी मागून, कचऱ्याच्या डब्यांकडच्या दाराने जाते-येते. काल पुढच्या दारापर्यंत गेले, काच पुसल्यासारखं केलं आणि परत फिरले. मी भुताला भीत नाही, भाऊ आहे तो. मला भीती आहे ती ही, की मी हाक मारीन आणि तो पांघरूण डोक्यावर ओढून घेईल.

दगड आधी फोडून घ्यावे असं मनात होतं. पण त्याला जसे भेटले तसेच राहू देत. त्यांच्यावरच गुडघे टेकीन. रविवारी सकाळी, सगळी इमारत चर्चला निघते तेव्हा. काय करतेय ते विचारतील. मी तेव्हा बोलायचं नाही, पण नंतर सांगीन.

नवी फांदी आपल्याच बोरीची हवी. ती घेऊन तूच ये. लहानपणी तो माझ्या हाकेला कधी उठला नाही, तुझ्या उठायचा. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. तसंही बोलायचं नसतंच.

पुढच्या दाराने ये. मी तिथे असेन. नाहीच आलीस तर फांदी मामांकडे दे. मग मी एकटीच हाक मारीन आणि तो उठेपर्यंत त्याच्याशेजारी बसेन. तिथे जसं बसता येतं तसं.

ते दगड निवडणारी,
तुझी बहीण
खेथिवे