यंदा हॅट नाही

२६ मार्च १९६३

पाद्री पेटवेंनी माझं बहिष्काराचं पत्रक परत केलं. राज्यघटना, समता, मानवी हक्क — काही म्हणून बाकी ठेवलं नव्हतं मी! म्हणाले, "अर्लीथा, खरं आहे सगळं. पण हे वाचून थॉर्नबेरीच्या दुकानात निघालेली बाई मागे फिरेल का?"

नाही फिरणार. माझी आईच नाही फिरणार. ईस्टरला नवी हॅट घातल्याशिवाय ती कधी चर्चची पायरी चढलेली नाही. त्या गोऱ्याच्या दुकानात आपल्या काळ्या बायकांना हॅट डोक्याला लावून बघू देत नाहीत. तरी तिथूनच घेते, नुसत्या नजरेच्या मापानं.

२७ मार्च

आईच्या घरावरून गेले. भाजीचा वास पार रस्त्यापर्यंत. आत जावंसं वाटलं.

फेब्रुवारीत गोऱ्यांच्या उपाहारगृहात जाऊन बसले, पकडली गेले. सुटून आले तेव्हा ती दारातच म्हणाली, "तुरुंग गोड लागतो ना, मग तिकडेच राहा. माझ्या दारात पोलीस नकोत." तेव्हापासून मिस लुएलांकडे आहे. त्या जीव लावतात, त्यांच्या पार्लरमध्ये कामही देतात. पण आई ती आई. फार आठवण येते.

३० मार्च

सगळं फाडलं. नव्यानं लिहिलं, न चिडता.

मी सहा वर्षांची. आईनं मला कागदी पिशवीवर उभं केलं, पावलाभोवती पेन्सिल फिरवली. गुदगुल्या होऊन मी हसत होते. ती हसत नव्हती. तो कागद घेऊन ती थॉर्नबेरीकडे गेली — आमचे पाय लागले तर त्यांचे बूट बाटतात! बूट घट्ट निघाले. उजवा अंगठा ईस्टरभर ठणकत होता. आईला सांगितलं नाही. सांगून ती तरी काय करणार होती?

शेवटी एवढंच लिहिलं: बायांनो, यंदा नवं काही नको. उघड्या डोक्यानं या.

खाली नाव घातलं नाही.

३ एप्रिल

चर्चच्या तळघरात दिवसभर सायक्लोस्टाइलवर पत्रकाच्या प्रती काढल्या. हात शाईनं माखले. मिस लुएला म्हणतात, "आधीचा काळा रंग पुरला नाही का गं तुला?"

६ एप्रिल

पार्लरमध्ये एका बाईनं पत्रक वाचायला घेतलं. "हॅटशिवाय? देवाच्या घरी? लाज कशी वाटत नाही लिहिणारीला!" मग पुढचं वाचलं. पत्रक मांडीवर ठेवलं आणि आपल्या मुलाच्या पावलाचं सांगायला लागली. मग दुसरी. मग तिसरी. केस झाले तरी कुणी उठेना. मी टॉवेलांच्या घड्या घालत पाठ फिरवून उभी. रडू आवरेना.

आईच्या हाती पडलं असेल का?

१२ एप्रिल, गुड फ्रायडे

थॉर्नबेरीकडे शुकशुकाट आहे म्हणे. पण आई त्याच्या दारात दिसली — मिस लुएलांनी बसमधून पाहिलं. हातात हॅटचा गोल डबा.

"मनाला लावून घेऊ नकोस," म्हणाल्या. लागलंच.

सगळं गाव वळलं तरी मला तीच हवी होती.

१४ एप्रिल, ईस्टर

आई आली. उघड्या डोक्यानं. केस इतके पांढरे झालेत, मला माहीतच नव्हतं.

शेजारी येऊन बसली. समोर बघत हळूच म्हणाली, "परवा हॅट परत करून आले. आणि डावा अंगठा होता तो, उजवा नव्हे. तू झोपलीस की मीच चोळत बसायचे."