बोलण्याचा रकाना

बोईसर,
११ ऑगस्ट १९९६

प्रिय मंदा,

तू गेल्यापासून दोन महिने मी तुला एक ओळही लिहिली नाही. राग होता. कशाचा, ते लिहिताना अजूनही लाज वाटते.

तुझ्या दाजींची जखम भरली. ऑपरेशनात अर्धी जीभ आणि जबड्याचा तुकडा गेला, तरी आता भाताची पेज, मऊ केलेली खिचडी ते स्वतःच्या हातानं खातात. लाळ गळते म्हणून खांद्यावर पंचा असतो. कारखान्यात त्यांना स्टोअरमध्ये बसायचं काम दिलंय.

तू सफाळ्याहून मदतीला आलीस तेव्हा मला किती हायसं वाटलं होतं! पण आठवड्यातच काय झालं, आठवतं? ते काहीतरी बोलले, मी धावत पाणी नेलं, आणि तू स्वयंपाकघरातून म्हणालीस, “ताई, दाजी खिडकी उघडायला सांगतायत.” बालवाडीत शिकवताना पोरांचं बोबडं ऐकून तुझा कान तयार झालेला. माझं काय? अठरा वर्षांचा संसार, आणि मी त्यांच्यापुढे पाटी सरकवायचे, “लिहून दाखवा.” तुझ्याशी मात्र ते तासन् तास बोलायचे. मी नळावर भांडी घासत असायचे आणि आतून तुमचं हसणं ऐकू यायचं. शेजारच्या राहीबाईंपुढे रडले, तर त्या सरळ म्हणाल्या, “तो बोलतो हाय, तुलाच समजत नाय.” त्या दिवशी जेवण गेलं नाही.

परवा तपासणीसाठी मुंबईला गेलो होतो. इस्पितळातल्या एका बाईंनी चार पानांचा फॉर्म दिला. ऑपरेशननंतर माणूस जगतो कसा, हे त्यांना मोजायचंय म्हणे. गाठ गेली एवढ्यानं भागत नाही, असं त्या म्हणाल्या. दुखणं, गिळणं, चेहरा, झोप, चारचौघांत जाणं, सगळ्याचे प्रश्न. प्रत्येकाखाली चार-पाच उत्तरं, आपलं असेल त्यावर खूण करायची. मी शेजारी बसून बघत होते. आरशात बघायचं टाळणारा हा माणूस, पण चेहऱ्याच्या प्रश्नावरसुद्धा त्यांनी ‘फारसा त्रास नाही’वर खूण केली. मग बोलण्याचा प्रश्न आला. त्यात एक उत्तर होतं, ‘घरच्यांना समजतं’. मी त्यावर बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट हळूच बाजूला केलं आणि शेवटच्या उत्तरावर खूण केली, ‘कुणालाच समजत नाही’. वर समासात लिहिलं, ‘मेव्हणी होती तोवर समजत होतं.’

बाईंनी ते वाचून माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही सोबत राहता ना?” एवढंच विचारलं.

घरी आल्यावर मी पाटी माळ्यावर टाकली आणि म्हटलं, बोला. ते बराच वेळ बोलले. मी तोंडाकडे बघत राहिले. मला ‘पाणी’ आणि माझं नाव, ‘मैना’, एवढंच कळलं. मी तिसऱ्यांदा “काय?” म्हटल्यावर त्यांनी हात हलवला, जाऊ दे म्हणून, आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मंदा, चाळीत लोक तुझ्याबद्दल आणि दाजींबद्दल नाही नाही ते बोलतात, असं सांगून मी तुला घालवलं. कुणी काही बोललं नव्हतं. ते माझ्याच मनातलं होतं, मी ते लोकांच्या तोंडी घातलं. तू पिशवी भरलीस आणि निघालीस. दाजींनी विचारलं तर मी सांगितलं, तिची शाळा सुरू झाली. त्यांना आजही तेच ठाऊक आहे. तू येशील त्या दिवशी त्यांना मीच खरं सांगेन. शनिवारी ये. ‘त’चं त्यांच्या तोंडात काय होतं, ‘ल’ कसा ओळखायचा, एकेक अक्षर मला शिकव. पुढच्या तपासणीला तीन महिने आहेत. आणि आधीच सांगून ठेवते, चहा करायला मी आत जाणार नाही. तुमच्या दोघांच्या मध्ये बसणार आहे.

तुझीच, अजूनही थोडी जळणारी,
मैनाताई