म्हाईची सुरी

अब्बा, तुमची सुरी आबांनी नेली नव्हती. ती मी पंचगंगेत टाकली. हे एवढं एक वाक्य लिहायला मला पंधरा वर्षं लागली, आणि तुम्ही जाऊनही आता दहा होत आली, म्हणजे ज्याला सांगायचं तो माणूसच उरला नाही तेव्हा मी धीट झालोय. शाळेत पोरं अशी उशिरा कबुली द्यायला आली की मी त्यांना वर्गाबाहेर उभं करतो. आता मला कोण उभं करणार?

मराठीत लिहितोय. घरात आपण आपली दखनी बोलायचो, पण तुम्हाला वाचता यायचं ते मराठीच, चौथीपर्यंतचं, तेही ओठ हलवत. अरबी-उर्दू तुम्हालाही वाचता येत नव्हतं आणि मलाही येत नाही. तरी देशात कुठं स्फोट झाला की दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळे माझ्याकडं बघणार, जणू किताब मीच लिहून खाली उतरवलाय. "सर, राग मानू नका हं, पण तुमच्यात नेमकं काय सांगितलंय हो?" राग मानू नका म्हटलं की राग येतोच. पण मी हसतो. चहाचा कप खाली ठेवतो आणि तुमची गोष्ट सांगायला लागतो. इतक्यांदा सांगितलीय की आता कुठं थांबायचं, कुठं आवाज बारीक करायचा हे तोंडपाठ झालंय. छ्या! बापाची गोष्ट अशी पाठ करून सांगायची असते होय?

मी सांगतो की आम्ही मुलाणी. माझे वडील कोल्हापुरात दुसऱ्याच्या मटणाच्या दुकानात कामाला होते, पण राधानगरीच्या वाटेवर आमचं एक गाव होतं, आणि त्या गावची म्हाई आली, ती मटणाची जत्रा, की वडील गेल्याशिवाय एकाही घरचं बकरं कापलं जायचं नाही. घरं मराठ्यांची, देवी त्यांची, नवस त्यांचा, आणि बकऱ्याच्या मानेवर बिस्मिल्ला आमचं. बिस्मिल्ला झाल्याशिवाय गावातल्या म्हाताऱ्या त्या मटणाला हात लावत नसत. ऐकणाऱ्यांना हे खरं वाटत नाही. कोल्हापूरच्याच लोकांना खरं वाटत नाही, बोला आता!

मग मी नव्वद-एक्क्याण्णवची ती म्हाई सांगतो. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि तुमच्या मदतीला म्हणून आलोय. पहिलं बकरं आबांच्या घरचं. आबा म्हणजे गावातलं थोरलं घर, तुमच्या बरोबरीचे, लहानपणी दोघांनी मिळून लोकांचा ऊस मोडलेला. परड्यात गर्दी आहे, बायकांनी चुली पेटवल्यात, आणि बकरं अडून बसलंय. मी त्याचा मागचा पाय धरून ओढतो. खाडकन तुमची माझ्या कानाखाली बसते. सगळ्या परड्यासमोर. "पाय धरून वढतोस? तुला कुणी असा वढला म्हंजे?" मग तुम्ही बकऱ्याजवळ उकिडवे बसता, त्याला पाणी पाजता, मानेखाली खाजवता. सुरी पाठीमागं फडक्यात. ती त्याला दिसता कामा नये. दुसरं बकरं भिंतीपलीकडं बांधायचं, त्याला हे दिसता कामा नये. एकदाच हात फिरवायचा, आणि जीव पूर्ण जाईपर्यंत कातड्याला बोट लावायचं नाही, मग चुलीवर पाणी उकळून जाईना का. कुणी घाई केली तर तुम्ही म्हणायचात, "देवानं खायला दिलंय, पर हाल करायला न्हाय दिलेलं." आणि आबा मागून ओरडायचे, "ऐकलंसा? मुलाण्याचं ऐका. न्हायतर बसा भाकरी आन आमटी खात!"

गोष्ट इथं संपते. एखाद्या बाईच्या डोळ्यांत पाणी येतं. आणि मला सलोख्याच्या सभेचं पुढचं आमंत्रण मिळतं.

त्याच्या पुढचं मी कधी सांगत नाही. ब्याण्णवच्या डिसेंबरात मशीद पडली, मुंबई पेटली. कोल्हापुरात तसं काही मोठं झालं नाही, पण आपल्या गल्लीत लोक भिंतीला चिकटून चालायला लागले होते. कुणी म्हणे घरोघर झडती होणार, कुणी म्हणे यादी झालीय. मी तेव्हा शाळेत तात्पुरता लागलेलो, कायम व्हायचं होतं. त्या आठवड्यात आबा गूळ घेऊन मार्केट यार्डात आले होते, तिथून घरी आले. तुमची सुरी असायची त्या पेटीवर बसले, चहा प्याले, इकडचं तिकडचं बोलले. आणि निघताना दाराशी अडखळत म्हणाले, "ती सुरी माझ्याकडं दे की. गावात ठेवतो. वक्त वाईट हाय." तुम्ही विचारलंत, "माझ्या घरात ऱ्हायली म्हणून काय हुतंय?" आबा म्हणाले, "तसं न्हवं रे." तुम्ही म्हणालात, "मग कसं?" ते चपला घालून गेले.

त्यानंतर चारच दिवसांनी मी ती टाकली. तुमच्या आजोबांची सुरी, मुठीवर पितळी पट्टी असलेली. वर्तमानपत्रात गुंडाळली, वह्यांच्या पिशवीत घातली आणि भर दुपारी सायकलवरून घाटावर गेलो. म्हशी धुणं चाललं होतं, बायका कपडे आपटत होत्या. मी पाय धुवायला बसल्यासारखा बसलो आणि पिशवी पाण्यात सोडली. वह्यांसकट. पोरांचे निबंध होते त्यात, सत्तावीस. वर्गात सांगितलं की सायकलवरून पडल्या.

पुढच्या आठवड्यात आबा परत आले, तांदूळ घेऊन. तुम्ही दुकानावर होतात. अम्मी दूध आणायला कोपऱ्यावर गेली, तेवढा वेळ ते एकटेच त्या पेटीवर बसून होते. झालं. म्हाई जवळ आल्यावर तुम्ही पेटी उघडलीत. सगळे कपडे बाहेर काढलेत, परत आत ठेवलेत, परत काढलेत. ओरडला असतात तर मी कदाचित बोललो असतो. पण तुम्ही ओरडला नाहीत. पेटीला टेकून खाली बसलात आणि अम्मीला म्हणालात की त्यानं नेली. मागितली, मी दिली नाही, म्हणून नेली. अम्मी म्हणाली, जाऊन विचारा की. तुम्ही म्हणालात, "क्या पूछूं? त्याला वाटलं मी माणूस कापीन. हे कुणाला विचारायचं असतंय?"

मी तिथंच होतो, अब्बा. खिडकीशी, उत्तरपत्रिका तपासत. लाल पेन हातात होतं. चार शब्द बोलायचे होते फक्त.

आबांचा पुतण्या बोलवायला आला तेव्हा तुम्ही गुडघे दुखतात म्हणालात. तुमचे गुडघे खणखणीत होते, त्याच सकाळी तुम्ही सत्तर किलोचं पोतं उचललेलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा गुडघे. तिसऱ्या वर्षी कुणी आलंच नाही. गावातली पोरं म्हणे आता आपली आपणच कापतात. कशी कापत असतील, असं तुम्ही एकदा जेवताना मधेच म्हणालात आणि घास खाली ठेवलात. तुमच्या मयतीला आबा आले. तीन मुठी माती टाकली, तिथंच उभे राहिले, धोतराच्या सोग्यानं नाक पुसत. मी त्यांना एस.टी.पर्यंत सोडायला गेलो. वाटेत अर्धा तास होता. तेव्हाही नाही बोललो. माझी जीभ वर्गात चालते, व्यासपीठावर चालते, घरच्यापुढं मात्र टाळूला चिकटते.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. राजारामपुरीत एका हॉलमध्ये सभा होती, कुठल्या तरी शहरात पुन्हा स्फोट झालेले. मी तीच गोष्ट सांगितली, तिथंच थांबलो, टाळ्या झाल्या. एक म्हाताऱ्या बाई उठल्या, निवृत्त परिचारिका होत्या, फार साध्या आवाजात म्हणाल्या, "सर, ती सुरी अजून आहे का हो?" आणि मी म्हणालो, "आहे. जपून ठेवलीय." पुन्हा टाळ्या. आधीपेक्षा जास्त. अब्बा, मी हात जोडून त्या घेतल्या. तेव्हापासून तीन आठवडे झोप नाही, वर्गात चिडचिड, बायको म्हणते डॉक्टरला दाखवा. डॉक्टरला काय दाखवू?

म्हणून मागच्या रविवारी आबांकडं गेलो. फार थकलेत. गोठ्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले, एका डोळ्याला दिसत नाही. आवाजावरून ओळखलं. "मुलाण्याचा मास्तर न्हवं तू? बस की, पावण्यागत हुबा काय?" चहा झाला. मग मी म्हणालो, "आबा, सुरी मी टाकली होती."

"कंची सुरी?"

त्यांना माहीतच नव्हतं, अब्बा. सुरी गेलीय हेच त्यांना कधी कळलं नव्हतं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की त्या दिवशी दाराशी मागितली म्हणून तुम्ही रुसलात. मी सगळं सांगितलं, पेटी, दूध, पंचगंगा. मग आबा म्हणाले, "म्हंजे त्यानं मला चोर समजलं व्हय?"

"चोर नाही, आबा. त्यांना वाटलं, तुम्ही त्यांना भ्यालात."

म्हैस धार काढायला उभी होती, सून बादली घेऊन आली, ते तिला हातानंच थांब म्हणाले. "मग बराबर समजलं की त्यानं," ते म्हणाले. "भ्यालोच हुतो. यार्डात लोकं काय काय बोलत हुती, ती ऐकून आलतो. तुझ्या घरात बसलो, त्यो चहाची बशी माझ्या हातात देतोय, आन माझी नजर त्येच्या हाताकडं. तीस वर्सं ज्येच्या हातचं खाल्लं त्येला भ्यालो. एकच दिस. पर भ्यालो. दुसऱ्या बारीला तांदूळ घेऊन आलतो ते त्येच सांगायला. त्यो घरात नव्हता." मग डोळा पुसून माझ्याकडं वळले. "आन तू कशाला टाकलीस?"

मी म्हणालो, "पोलिसांच्या भीतीनं. झडती होणार असं म्हणत होते."

"व्हय," आबा म्हणाले. "तवा पोलिसांचं भ्या हुतंच."

परतीच्या एस.टी.त बसलो तरी डोकं शांत होईना. आबा दुसरीत शाळा सोडलेला माणूस, एका दमात खरं बोलून मोकळा झाला. मी समोर बसून पुन्हा खोटं. घरी येऊन हे लिहायला बसलो. दोनदा कब्रस्तानात घेऊनही गेलो, म्हटलं वाचून दाखवावं. दोन्हीदा फातिहा पढलो आणि कागद खिशात तसाच घेऊन परत आलो. कारण शेवटचं लिहिलेलंच नव्हतं. ते आता लिहितो, मग हे कपाटात राहू दे.

आबा सुरी मागून गेले त्यानंतरच्या शुक्रवारी दुकानासमोर दोघा-तिघांनी तुमची टोपी उडवली होती. रस्त्यावर, गटाराजवळ. तुम्ही ती उचललीत, घरी आलात. मला ते शेजारच्या पोराकडून कळलं. पेटीतून सुरी काढलीत आणि दगड घेऊन धार लावायला बसलात. म्हाईला अजून महिने होते. अम्मी म्हणाली, "अब कायकू निकाले जी?" तुम्ही मान वर केली नाही. मी दारात उभा होतो आणि तुमचा हात बघत होतो, पुढं-मागं, पुढं-मागं. झडतीचं कारण मी नंतर जुळवलं. मी पोलिसांना भ्यालो नव्हतो, अब्बा. मी तुम्हाला भ्यालो होतो. स्टाफरूममधले लोक ज्या नजरेनं माझ्याकडं बघतात ना, त्याच नजरेनं मी त्या दिवशी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही सुरी पुसलीत, फडक्यात गुंडाळून ठेवलीत, हात धुतलेत आणि मला म्हणालात, "चल, खाना खा लेंगे." मी तुमच्याशेजारी बसलो. तुम्ही आधी माझ्या ताटात वाढलंत. मी सगळं जेवलो, आणि दुसऱ्या दिवशी घाटावर गेलो.