जावयाच्या गाडीचा पहारा

१२ डिसेंबर २०२५, शुक्रवार

कुरिअरने आलेला माल: ब्लूटूथ टॅग, नग दोन, पांढरे, चपट्या पेढ्याएवढे. सेल आत बसवलेले. एकूण सतराशे अठ्ठ्याण्णव. डिलिव्हरी फुकट. खोका बरा निघाला, सुईदोऱ्याला ठेवला.

हे म्हणाले, दोन पेढ्यांचे अठराशे. मी म्हटलं, गाडी लाखाची आहे. शेजारच्या कांताबाईच्या मुलाची मोटारसायकल आठवडी बाजारातून गेली ती गेलीच. असा टॅग गाडीत लपवला की रस्त्यावरच्या लोकांचे मोबाईल तिचा पत्ता आपल्या मोबाईलवर पोचवतात, त्यांना न कळता. नकाशावर ठिपका दिसतो. महाराजांची कृपाही अशीच चालते, फक्त तिला सेल लागत नाही.

गाडी म्हणजे स्कूटर, दसऱ्याला घेतली. मंदारसाठी. मुलगा राजूरच्या कोळसा खाणीत ऑफिसात परमनंट. शाल्मलीचं त्याच्याशी जवळजवळ ठरलंय. हुंडा ते मागत नाहीत आणि आम्ही देत नाही. गाडी ही आनंदाने द्यायची आहे. पैसे शाल्मलीच्या पगारातून साठवले. ती इथे वणीतच लॅबमध्ये रक्त तपासते, पगार माझ्या हातात आणून देते. मी तो तिच्यावरच खर्च करते. हिशेब चोख आहे.

उभी गाडी खराब होते, म्हणून लग्नापर्यंत शाल्मली ती लॅबला नेते. अट एकच, सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही.

एक टॅग तिनेच माझ्या मोबाईलला जोडून दिला आणि सीटखाली बसवला. म्हणाली, आई, गाडी मी चालवते, मग मीपण दिसेन ना? म्हटलं, तू कशाला दिसशील. गाडी दिसेल.

१५ डिसेंबर, सोमवार

नियम केला. ठिपका दिवसातून एकदा, पूजा झाल्यावर पाहायचा. उगीच नेटचा खर्च नको.

सकाळी: लॅब. दुपारी: लॅब. मधल्या सुट्टीत ठिपका बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीपाशी. डबा दिलेला असताना. नेट पॅक तसंही महिन्याचं असतं, कमी पाहिलं म्हणून कोणी पैसे परत देत नाही. नियम रद्द.

मोबाईलमध्ये एक बटण आहे. दाबलं की टॅग वाजतो. आपण जवळ असलो तरच. संध्याकाळी गाडी व्हरांड्यात आली की दाबून पाहते. वाजला की घर भरल्यासारखं वाटतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

दुसरा टॅग सीट कव्हरच्या आत शिवला. देवीच्या ओटीच्या लाल खणाच्या तुकड्यात गुंडाळून, म्हणजे दुहेरी संरक्षण. चोराला एक सापडेल, दोन सापडणार नाहीत. शिवायच्या आधी तो मोबाईलला जोडून घ्यायला गुलाबसिंगच्या दुकानात गेले. पन्नास रुपये घेतले. वर विचारतो, काकू, चोर घरचा आहे का बाहेरचा? बाहेरचा, म्हटलं. मग बाईनं असं गुपचूप काहून आणलं, म्हणे. उद्यापासून रिचार्ज दुसरीकडे.

शाल्मलीला सांगितलं नाही. गुपित राखायचं तर घरातल्या कमीत कमी माणसांना माहीत असावं.

२१ डिसेंबर, रविवार

जेवताना शाल्मलीने तिचा मोबाईल माझ्या ताटाशेजारी ठेवला. त्यावर लिहिलं होतं, अनोळखी ट्रॅकर तुमच्याबरोबर फिरत आहे. पहिला तिने स्वतः बसवलेला, तो तिच्या मोबाईलला ओळखीचा करून दिला होता म्हणे. हा दुसरा. म्हटलं, कंपनीचा दोष असेल, चीनचा माल.

ती उठली, व्हरांड्यात जाऊन सीट उलटी करून पाहून आली. माझा टाका ती ओळखते, शाळेत असल्यापासून तिचे फ्रॉक मीच शिवत आले. पानावर बसून वरण वाढून घेतलं आणि म्हणाली, टाका बारीक घातलास. काढला मात्र नाही. समजूतदार पोर आहे. वडिलांवर गेली असती तर आज ताट आपटलं असतं. आपटलं ह्यांनी. ताट स्टीलचं, काही झालं नाही.

३ जानेवारी २०२६, शनिवार

शाल्मलीला हैदराबादच्या एका मोठ्या लॅबने बोलावलं आहे. पगार इथल्याच्या अडीचपट, राहायला मुलींचं हॉस्टेल. फेब्रुवारीत हजर व्हायचं. तिने सांगितलं, मी ऐकून घेतलं. मी कोणाचं ऐकून घेत नाही असं कोणी म्हणू नये. मग म्हटलं, लग्नानंतर मंदाररावांना विचार, ते हो म्हणाले तर माझी ना नाही.

हे म्हणाले, आधी तिले विचार. बाजार समितीत तीस वर्षं काढली, भाषा तिथलीच लागली. म्हटलं, तिच्याशीच तर बोलते आहे. तू बोलून राह्यली, विचारून नाही राह्यली, म्हणाले. मी स्वयंपाकघरात गेले. उद्याच्या उपासाच्या साबुदाण्याला पाणी लावायचं होतं.

शाल्मली उठून भांडी घासायला लागली. पटलं असावं.

८ जानेवारी, गुरुवार

चार दिवसांपासून ठिपका संध्याकाळी रेल्वे लाईनपलीकडे एका गल्लीत तासभर थांबतो. गाडीच्या काळजीने गेले. हातात भाजीची पिशवी घेतली, म्हणजे सहज आल्यासारखं.

घर एका तेलुगू बाईंचं निघालं. त्यांचे यजमान खाणीतून रिटायर झालेले. शाल्मली त्यांच्यासमोर चटईवर बसून त्या म्हणतील तसं तेलुगू म्हणत होती. पाणी द्या, भाडं किती, माझी ड्युटी कधी संपते, असली वाक्यं. बाईंनी कॉफी दिली. चांगली होती, दूध जरा जास्त.

परत येताना उलगडा झाला. राजूरला खाणीत तेलुगू माणसं पुष्कळ. शेजारीपाजारी उपयोगी पडेल. मुलीने सासर आतापासून मनावर घेतलं आहे. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, तुले देवानं डोळे कायले दिले असतील? म्हटलं, दर्शनाला.

२५ जानेवारी, रविवार

साक्षगंध पार पडलं, अंगठ्या घालून झाल्या. पंचेचाळीस पानं. तीस सांगितली होती.

मंदारच्या आई पद्मजाताईंनी आधी गाडीभोवती चक्कर मारली, सीट दाबून पाहिली, ॲव्हरेज विचारलं, मग बसल्या. मंदारने गाडीवर बसून फोटो काढून घेतला. स्वभावाने साधा वाटला, आरशात बघून केस सारखे केले. शाल्मली तेव्हा आत चहा गाळत होती.

पद्मजाताई म्हणाल्या, प्लास्टिक कोपऱ्याले फाटलं वाटते. शाल्मली ट्रे धरून उभी होती, म्हणाली, मी चालवते ना रोज. पद्मजाताई म्हणाल्या, आता नको चालवत जाऊ, नवऱ्या मुलाची गाडी आहे. अन् तिकडं तुले काय काम पडते गाडीचं, मंदार आहे ना न्यायले. मंदार म्हणाला, आईले विचारून नेईन. सगळे हसले. शाल्मलीही हसली. मी पाहिलं, हसली. जीव भांड्यात पडला.

टॅगची गोष्ट पद्मजाताईंना सांगितली. त्यांना फार आवडली. म्हणाल्या, सून एवढी जपून ठेवली असेल तर काय पाहिजे. त्या गाडी म्हणणार होत्या, चुकून सून म्हणाल्या.

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून गाडी बंद. कव्हर घातलं. शाल्मली लॅबला पायी जाते. चालणं तब्येतीला चांगलं, पेट्रोलही वाचतं. ठिपका दिवसभर घरावरच. इतकं निश्चिंत वाटलं की तो सारखा उघडून पाहिला.

शाल्मली कुठे आहे ते मात्र आता कळत नाही. पण ती काही चोरीला जायची वस्तू नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ

व्हरांडा रिकामा. शेवटी चोर आला. अठराशे रुपयांचं चीज झालं.

कव्हर घडी करून कट्ट्यावर ठेवलेलं. चोर टापटीप दिसतो.

शाल्मलीला फोन केला, बंद. लवकरची ड्युटी असेल, बाटलीत रक्त भरताना ती उचलत नाही. ठिपका मारेगावला. घटकाभराने करंजीला. मी महाराजांपुढे दिवा लावला आणि ह्यांना म्हटलं, पोलिसात चला. हे चहा बशीत ओतत म्हणाले, कायची घाई आहे. ह्यांना आयुष्यात कशाचीच घाई झाली नाही. काल एवढं मात्र केलं की गाडीत हवा भरून आणली, ती चोराच्या उपयोगी पडली.

कांताबाई आली. मी नकाशा दाखवला. तुझ्या मुलाने टॅग लावला असता तर, म्हटलं. ती नकाशाकडे पाहीचना. शाल्मली कुठी आहे वो ताई, म्हणे. ड्युटीवर. बॅग घेऊन ड्युटीवर जाते का, म्हणे. हिला दुसऱ्याच्या घरात फार डोकवायची सवय.

त्याच दिवशी, संध्याकाळ

ठिपका पांढरकवड्याच्या बसस्टँडवर थांबला. एसटीने गेलो दोघे. हे रस्ताभर खिडकीबाहेर पाहत होते.

स्टँडच्या पार्किंगमध्ये गाड्याच गाड्या. मी बटण दाबलं. तिसऱ्या रांगेतून टॅग वाजला. कंपनी खोटं बोलत नाही.

पार्किंगवाला बाबुलाल चावी घेऊन आला. म्हणाला, एक पोरगी ठेवून गेली, तीन दिवसाचे पैसे देऊन. बोलली, माझी आई येईल, मोबाईल वाजवत येईल, तिले चावी द्या. हैदराबादच्या गाडीत बसली. जाता जाता सीट पुसून गेली बिचारी.

गाडीला ओरखडा नाही. टाकी फुल्ल. पार्किंगचे दोन दिवसांचे उरलेले पैसे मागितले, देत नाही म्हणाला.

परतीच्या आधी केळापूरला जगदंबेपुढे गाडी सापडल्याचा नारळ फोडला. पुजाऱ्याने विचारलं, घरी सगळे खुशाल? म्हटलं, सगळे. हे देवळात आले नाहीत. बाहेर झाडाखाली फोनवर बोलत होते आणि मोकळ्या हाताने डोळे पुसत होते. हायवेला धूळ फार.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पद्मजाताईंचा फोन. कोणीतरी कानावर घातलं. मी सांगितलं, ट्रेनिंगला गेली आहे. त्यांनी विचारलं, अन् गाडी? घरी आहे, म्हटलं. मग बरं आहे, म्हणाल्या.

माणसं चांगली आहेत. मुलगी लग्नापर्यंत येईल. पंधरा दिवसांत हॉस्टेलच्या जेवणाला कंटाळून येईल.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा पद्मजाताई. पोरगी येईल तेव्हा येईल, गाडी तेवढी पाठवून द्या, मंदारची जुनी बंद पडली. म्हटलं, गाडी शाल्मलीच्या नावावर आहे. शोरूममध्ये बाईच्या नावावर घेतली की हेल्मेट फुकट होतं. त्या म्हणाल्या, नावावर तिच्या, पोरगी हैदराबादले, मग तुम्ही आमच्याकडं काय पाठवणार होत्या? मी म्हटलं, नातं. त्यांनी फोन ठेवला.

त्यांचा फोन, त्यांचा पैसा. ठेवू देत.

साक्षगंधाची साडी परत पाठवायची आहे. मी नेसलेली नाही, फक्त घडी मोडली.

८ मार्च, रविवार

हे रोज संध्याकाळी तुळशीपाशी उभे राहून तिच्याशी बोलतात. स्पीकर लावून. कान ठीक आहेत, तरी स्पीकर. मी त्या वेळी नळ बंद करते. पाणी वाया जातं.

तिला ताप येऊन गेला. मेसचं सांबार तिखट. रूममध्ये केरळची एक मुलगी आहे. पगार झाला, बँकेतच ठेवला.

आज ह्यांनी फोन माझ्यापुढे धरला. माझे हात कणकेत होते. हे म्हणाले, कणीक तर कधीची मळून झाली. मी आणखी पीठ घातलं. चूक तिची आहे, फोन तिने माझ्या नंबरावर करावा. तिने केला होता तेव्हा मी उचलला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

पोळ्या उरल्या. दोन माणसांच्या अंदाजाला अजून हात बसला नाही.

२८ मार्च, शनिवार

सीटखालचा टॅग वाजायचा थांबला. रोज वाजवून त्याचा सेल संपला. नवा आणला, पस्तीस रुपये. झाकण उघडत नाही. हे म्हणाले, गुलाबसिंग मिनिटात करून देईल, फुकट. मी म्हटलं, ज्याने जोडला त्यालाच विचारावं, यंत्राचं तसं असतं.

तिचा पत्ता ह्यांच्या शर्टाच्या खिशात होता. फोन करणार नाही हे मी आधीच ठरवलं आहे. पत्राचा प्रश्न वेगळा. नक्कल इथे ठेवते.

चि. सौ. कां. शाल्मलीस (सौ. कां. खोडलं) अनेक आशीर्वाद.

पत्र अशासाठी की फोनवर डावीकडे उजवीकडे नीट कळत नाही. सीटखालच्या टॅगचं झाकण कोणत्या बाजूला फिरवायचं? जोर लावला तर तुटेल असं वाटतं. गाडी ठीक आहे. कव्हर घातलेलं असतं. ती कुठे जात नाही, म्हणून तिला दोन टॅगची गरज नाही असं माझ्या लक्षात आलं. दुसऱ्याची शिवण उसवली आहे. तो चालू आहे, चांगला वाजतो.

तो पाकिटातून पाठवायचा विचार आहे. तू चाव्यांना किंवा पर्सला लाव. हैदराबाद मोठं शहर, चोऱ्या फार. तो माझ्या मोबाईलला जोडलेला आहे, तसाच राहू दे, पुन्हा जोडायचा खटाटोप नको. मी दिवसातून एकदाच पाहीन, पूजा झाल्यावर.

तापानंतर केस गळतात, तेल लावत जा. इथे सर्व क्षेम.

पाकिटाला जास्तीचं तिकीट लागेल, ते वाया जायला नको. लावणार असशील तरच पाठवते. लावशील की नाही एवढंच, दोन ओळींत का होईना, उलट टपाली कळव.