ताईचे फोन माझ्याकडे

१ जुलै
संकल्प: रोज दहा खुणा शिकायच्या. वैजूताई जन्मापासून बहिरी, मी चौतीस वर्षांचा, आणि मला येतात तीनच: चहा, जेवण, नंतर. 'नंतर' फार सफाईने येते. पण मला खुणांची गरजच काय? मी तिचा आवाज आहे. सिंधीपुऱ्यातल्या तिच्या ब्लाउजच्या दुकानाच्या पाटीवर नंबर माझा. गिऱ्हाईक, बँक, गॅस, सगळे फोन मीच घेतो. म्हणून तर नोकरी धरता येत नाही. पुरता अडकलोय.

४ जुलै
नव्या खुणा: एक. राहिलेल्या रविवारी एकदम.
माझा दोस्त लोटू आणि मंडळी ओंकारेश्वरला चालली. मला कुठलं जायला? फोन कोण घेणार? ताईने चिठ्ठी लिहिली: जा, मी लोकांना मेसेज करायला सांगते. हसलो. मनकर्णाकाकी मेसेज करणार! ती फोन करते तेच ओरडत, काय रे भो, झाला का ब्लाउज? गेलो नाही. तसा लोटूने आग्रहही केला नाही.

९ जुलै, दुपारी १
नेपानगरहून फोन. मूकबधिर मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला ताईची निवड झालीय. पगार, राहायला खोली. मला न विचारता अर्ज केला! नंबर मात्र माझाच दिला, बोलण्यासाठी दुसरा देणार कुठला? बाई म्हणाल्या, वैजयंतीजी से ही बात करवाइए ना. म्हटलं, मुझे ही वैजयंती समझिए. एकवीसपर्यंत कळवा म्हणाल्या.
संध्याकाळी ताईने चिठ्ठी दाखवली: नेपानगरचा फोन आला? मी 'नंतर'ची खूण केली. खोटं काही बोललो नाही.

१४ जुलै
शांतपणे विचार केला. रेल्वेने अर्धा तास म्हणजे थोडं नाही. परक्या गावी आजारी पडली तर फोन कोण करेल? आणि इथे स्वयंपाक कोण करेल? हा मुद्दा नाही, नुसती नोंद.

१७ जुलै
शाळेचा पुन्हा फोन. म्हटलं, उनकी तबीयत ठीक नहीं, नहीं आएंगी. ठेवून दिला. उठून पंखा वाढवला. उकाडाच तेवढा आहे.
ताई समोर मशीनवर होती, माझ्या ओठांकडे बघत. ती ओठ वाचते. पण मी हिंदीत बोललो होतो.

१९ जुलै
ताई दिवसभर मोबाईलवर तेजस्विनीशी खुणांनी बोलत होती. तेजस्विनी तिची खंडव्याची मैत्रीण, तीही बहिरी. एक सेवा निघालीय म्हणे. व्हिडिओवर दुभाषी बाई येते. आपण खुणा करायच्या, ती हव्या त्या माणसाला फोन लावून ते बोलते. मी लिहिलं, घरचं बोलणं परक्या बाईवर सोपवायचं? ताई पुन्हा मोबाईलकडे वळली. असली फॅडं चार दिवसांची.

२१ जुलै, सकाळी ११.२०
अनोळखी नंबर. तरुण बाईचा आवाज: भूपू, मैं ताई बोल रही हूँ. विचारलं, कोण ताई? मान वर केली. दहा फुटांवर ताई मोबाईल उभा करून हात हलवत होती.
म्हणाली, शाळेशी मी काल बोलले. मी ठणठणीत आहे हे त्यांना सांगितलं. एक तारखेला रुजू होतेय. मग म्हणाली, इतक्या वर्षांत माझ्या वतीने आणखी कुणाकुणाला नाही म्हणालास?
मला दोन-तीन फोन आठवले. एक ताईसाठी आलेल्या स्थळाचा होता. मी ताईकडे बघून 'नंतर' केलं.
कानात तो आवाज म्हणाला, नंतर नाही, आत्ता सांग.
मी पुन्हा 'नंतर'च केलं. ताईने फोन ठेवला. आजवर फोन मीच ठेवायचो.

दुपारी ४
ताईने पाटीवरचा माझा नंबर पुसला. सकाळच्या त्या फोननंतर माझा फोन वाजलेला नाही. आता कुठेही जायला मोकळा आहे. कुठे जाऊ?
संकल्प: खुणा शिकायच्या, खरोखर. शिकवणार ताईच. तासभर तिच्यासमोर उभा राहिलो. 'शिकव'ची खूण मला येत नाही.