दोघींत एक हेडफोन

सिंदी (रेल्वे),
डिसेंबर १९५८

प्रिय कमल,

सप्रेम जय भीम. तुझं कार्ड पोचलं. एवढ्याशा कार्डात तू दोनदा ‘मी मजेत आहे’ असं लिहिलंस, तेव्हाच मी ते उलटं करून ठेवलं. मजेत असलेलं माणूस एवढं सांगत बसत नाही गं. तुझ्या तब्येतीचंच लिहायला बसले आहे, पण मला ते एकदम लिहिता यायचं नाही. अंग फार शिणलंय. सकाळी कापूस वेचणीला गेले, दुपारी आईंना अंघोळ घातली, मग तानाबाईच्या सुनेच्या पोलक्याला बाह्या लावल्या, आणि आता ऊन आहे तोवर पायरीवर बसून हे लिहिते आहे. हल्ली हात आपले आपण कामं उरकत राहतात आणि मी मागे कुठे तरी बसून त्यांच्याकडे बघते, असं होतं. तेव्हा आधी इकडचं तिकडचं वाच. मुद्द्याचं येईलच.

आईंचं आहे तसंच आहे. उजवा पाय ओढतात, हातात पेला धरवत नाही, पण जीभ मात्र, देवानं नाही तरी कुणी तरी, शाबूत ठेवली आहे. रोज सकाळी खाटेवरून पहिला प्रश्न तोच. ‘काऊन वं भागीरथे, कमली काऊन नाई आली? नागपूर का विलायतेत हाय?’ मी सांगते, सुट्टी मिळत नाही तिला. त्यावर म्हणतात, ‘गाणं म्हनाले सुट्टी कायले लागते?’ दसऱ्याला तानाबाई दीक्षाभूमीवर गेली होती, तिथे तू भेटलीस म्हणाली. शाल पांघरून होतीस, भर उन्हाची. ‘कमली लय रोडावली’ एवढंच तिने माझ्या कानात सांगितलं. आईंना सांगितलं नाही. तुझ्यासाठी दिलेले तुरीच्या डाळीचे वडे तू घेतलेस, हे मात्र मोठ्याने सांगितलं.

बुधवारी संध्याकाळी नागपूर केंद्रावर तुझा कार्यक्रम असला की गावात गडबड असते. ग्रामपंचायतीचा रेडिओ मास्तर पुंडलिकराव स्वतः लावतात, आणि सगळे गडी समोर फतकल मारून बसतात. आपल्या पोरीचं गाणं आता अख्खं गाव ऐकतं, याचा मला आनंद नाही असं नाही. पण तिथे बायका जात नाहीत, आणि आपल्या मोहल्ल्यातल्या तर नाहीतच. पूर्वी कुणी बसू दिलं नसतं, आता कुणी अडवायचं नाही, तरी पाय वळत नाहीत. आपल्याला त्याची गरजही कुठे आहे म्हणा. आपलं ऐकणं आपल्या घरात, दारामागच्या फळीवरच्या त्या सेटवर.

तू गेल्यापासून माझ्याकडे बायकांची ये-जा वाढली आहे हे तुला ठाऊक नसेल. तानाबाई येते, रुख्मिणी येते, कधी तिची जाऊ. एक हेडफोन आणि चार डोकी. एक वाटी एकीच्या कानाला, दुसरी दुसरीच्या, आणि बाकीच्या दोघी तोंडाकडे बघत बसतात. गाणं संपलं की पाळी बदलायची. अंबाडा मानेपर्यंत खाली ओढल्याशिवाय तो पट्टा डोक्यावर बसत नाही, हे मी आता प्रत्येकीला आल्या आल्या सांगते. रुख्मिणीच्या कानातल्या कुड्या वाटीवर टिकटिक वाजत, तर तिने त्या काढून पदराला बांधल्या. नवऱ्यानं सांगून कधी काढल्या नव्हत्या. आई खाटेवरून म्हणतात, ‘सोन्याचं काढून लोखंडाचं घालून राह्यल्या बाया.’

आणि आपल्या कानांना खोड लागली आहे ती वेगळीच. रुख्मिणीने हौसेने वर्ध्याहून नवा हेडफोन आणवला. चकचकीत, हलका, डोक्यावर फुलासारखा. लावला, तर सगळ्या गवयांना पडसं झालेलं! तंबोरा तर ऐकूच येईना. तिने तो काढला, आपला जुना जड हेडफोन कानाला लावला, आणि गाणं संपेपर्यंत काढला नाही. मग म्हणाली, ‘भागीरथाबाई, याच्यात तं बाजेवाल्याचं बोट पट्टीवरून उचलल्याचंही ऐकू येते.’ आता तिचा नवा घरी खुंटीला टांगलेला असतो आणि ती इकडे. मी त्या वाट्यांच्या गाद्या यंदा नव्या केल्या. जुन्या उकलून सावरीचा कापूस भरला आणि तुझ्या दादांच्या मऊ पडलेल्या धोतराचं कापड वरून शिवलं. कान चुरचुरत नाही आता, आणि बाहेरची कोंबडीही ऐकू येत नाही. डावी वाटी अजून जास्त साफ वाजते. तुझं माझं त्या डाव्या वाटीवरून किती वाजायचं, आठवतं? अर्ध्या गाण्यात तू माझ्या कानावरून ओढून घ्यायचीस. लग्न होऊन आले तेव्हा तू परकरात होतीस, आणि माझ्या वाट्याला सासर म्हणून तुझी ती ओढाओढच जास्त आली.

तुझ्या दादांनी तो हेडफोन कामठीच्या लष्करी लिलावातून आणला, तेव्हा आई किती रागावल्या होत्या. पलटणीतून परत आलेला मुलगा भांडी आणील, कांबळी आणील, हा कानाला लावायचं लोखंड घेऊन आला. पण बिनतारीच्या कामात त्यांनी ब्रह्मदेशात वर्षं काढली होती, त्यांना त्या वस्तूची पारख होती. त्या वेळी नागपूर केंद्र नुकतंच सुरू झालं होतं. लिंबाच्या झाडापासून घरावर तार, दुसरी तार न्हाणीच्या ओल्या मातीत, मधे तो बोटाच्या पेराएवढा खडा आणि त्यावर टेकवलेलं बारीक तारेचं टोक. ना वीज, ना बॅटरी. मला वाटलं होतं माणूस थट्टा करतोय. मग त्यांनी ते टोक खड्यावर इकडून तिकडे सरकवलं, आणि एक बाई माझ्या डोक्याच्या आत गाऊ लागली. मी दचकून पदर सावरला. ते इतके हसले, इतके हसले!

पुढे दोघं एकेक वाटी धरून बसायचो, तू निजलीस की किंवा तू शाळेत असलीस की. एका कानात गाणं आणि दुसरा कान त्यांच्या गालाशी. संसारात मला जे सुख मिळालं त्यातलं बरंचसं त्या फळीपाशी मिळालं, हे तुला आता सांगायला हरकत नाही. तू मोठी झालीस.

आता जे सांगते ते तुला मी कधी सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नव्हती.

त्यांच्या शेवटच्या साली सेटमध्ये एक घरघर येऊ लागली. बारीक, पीठ चाळताना येते तशी. ओळ संपली, गाणारा थांबला की ऐकू यायची. आम्ही दोघंही हैराण झालो. त्यांनी खडा बदलला. मी तारेचं टोक घासून लख्ख केलं. न्हाणीतली तार उपटून विहिरीजवळ पुरली. वाट्या उघडून आतला पातळ पत्रा पुसला, फिरवून बसवला. लिंबाची फांदी तारेला लागते म्हणून ती तोडली, आणि आईंची बोलणी खाल्ली. घरघर काही जाईना. ते म्हणायचे, ‘सेट म्हातारा झाला वं आपला.’ मला वाटायचं, इतक्या चांगल्या हेडफोनाला काय दृष्ट लागली? मग एके दिवशी ते न्हाणीत रक्त ओकले, आणि त्यांना नागपूरला नेलं. फळीपाशी आता मी एकटी. रडून रडून कंटाळले तेव्हा संध्याकाळी सहज दोन्ही वाट्या दोन्ही कानांना लावल्या. गाणं लागलं. ओळ संपली, गाणारा थांबला. कमल, सेट स्वच्छ होता. धुतलेल्या तांदळासारखा स्वच्छ. घरघर सेटमध्ये कधी नव्हतीच. माझ्या दुसऱ्या कानाशी, गालाला गाल लावून, ती माझ्याच शेजारी बसलेली होती, आणि आम्ही दोघं मिळून तार घासत होतो.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की पुष्कळ आधी आणायला हवं होतं. त्यांना स्वतःला कळलेलं असणार, खोकला ते शेतात जाऊन खोकून येत, हे मागाहून गड्यांनी सांगितलं. मी त्यांच्यावर रागावले नाही. वेळच कुठे मिळाला रागवायला.

भादव्यात तू ती जात्यावरची ओवी गायलीस. तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. ओवीचा शेवटचा चरण तू लहानपणापासून एका दमात नेतेस, आईंनीच शिकवलेला. या वेळी तू तो मधे तोडलास आणि बाजेवाल्यानं पेटीवर ती जागा भरून काढली. पंचायतीत वाहवा झाली. मास्तर दुसऱ्या दिवशी मुद्दाम घरी येऊन सांगून गेले, पोरीनं काय नवी जागा घेतली म्हणून. त्यांची काही चूक नाही, त्या मोठ्या डब्यात बारीक आवाज सगळे बुडतात. पण माझ्या कानात, बाजाच्या मागे, तू श्वास घेतलास. आणि श्वासाच्या शेवटी पीठ चाळलं गेलं.

मी तशीच उठले आणि सेट उघडला. हो, पुन्हा तार घासली. खडा पुसला. वाट्या उघडल्या. मनात म्हटलं, या वेळी सेटच निघू दे. पुढच्या बुधवारी तुझ्याआधी एक बुवा गायले, त्यांच्या आवाजात काही नाही. तू आलीस, आणि आलं. तुझ्यानंतर बाजारभाव सांगणारे आले, त्यांच्यातही काही नाही. त्यानंतरच्या खेपेला रुख्मिणीला म्हटलं, तू ऐक, मला काही सांगू नको, नुसती ऐक. तिने ऐकलं, आणि वाटी कानावरून काढून माझ्या हातात दिली. ‘पोरीनं तोंड बाजूले फिरवलं वं,’ म्हणाली. ‘खोकून राह्यली थे.’ परवाच्या बुधवारी तर तू दोनच ओव्या म्हटल्यास आणि बाकी वेळ नुसती वाजवणारी मंडळी होती. गावात सगळे म्हणाले, वाजवणं छान झालं.

तर कमल, हे पत्र मी त्यासाठी लिहिलं आहे. सोमवारच्या पॅसेंजरने मी येते आहे. तानाबाई आईंजवळ राहील, वेचणी राहिली तर राहिली. तू वसतिगृहाच्या दारात तयार असावंस, आपण सरळ दवाखान्यात जायचं. आईंचं औषध आणायला वर्ध्याला गेले होते तेव्हा तिथल्या नर्सबाईंना मी नाव न सांगता विचारून आले आहे. आता या खोकल्यावर सुया निघाल्या आहेत, लवकर आलेलं माणूस आपल्या पायांनी घरी जातं, असं त्या म्हणाल्या. गाणं काही दिवस बंद राहील, ते राहू दे. मास्तरांना मी काही तरी सांगीन. पण तू गाण्यासाठी लपवत नाहीस, हेही मला कळतं. आपण वरून ओतलेलं पाणी ओंजळीत पिऊन वाढलेली माणसं, वेगळं भांडं म्हटलं की आपण दुखणंही झाकून ठेवतो. दवाखान्यात मला घट्ट धरून तुझे दादाही तेच बोलले होते, ‘म्या नाई सांगतलं, कारण घरात तरी माह्यं ताट वेगळं नाई पाह्यजे होतं मले.’ तुला मी खोटं सांगणार नाही. डॉक्टर म्हणाले तर तुझं ताट-वाटी वेगळी ठेवावी लागेल, उकळत्या पाण्यात घालावी लागेल, आणि ते मी करीन. पण तू घरी येशील त्या दिवशी मी माझंही ताट मांडणीवरून काढीन आणि तुझ्या ताटाशेजारी, त्याच वेगळ्या फळीवर नेऊन ठेवीन. मग बघू, या घरात कोण कुणाला वेगळं म्हणतं ते.

सोमवारी दारातच थांब.

तुझीच,
भागीरथा वहिनी