डब्यासकट वजन

तीर्थस्वरूप ताई,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकून हे खरंच. डावी बाजू रिकामी झाल्यापासून मी सरळ उभी असतानाही उजवीकडे झुकलेली असते, त्यामुळे नमस्काराचे निम्मे कष्ट वाचतात.) तुझे गुडघे कसे आहेत? खोकला? सूनबाईवरचा राग? तिच्याकरवी तू पाठवलेला निरोप पोचला: मला काही झालेलं नाही, आणि झालं असेल तर मला ते कळायला नको. एका बहिणीला झालं की दुसरीनेही तपासून घ्यावं, एवढंच मी म्हटलं होतं. असो, तू मोठी आहेस. तेव्हा या पत्रात तपासणीचा विषय मी काढणार नाही, हे आधीच लिहून देते. हे पत्र निव्वळ ख्यालीखुशालीचं आहे.

तर खुशाली. गाठ हाताला लागली, दुसऱ्याच दिवशी मी दवाखान्यात गेले, पंधरवड्यात त्यांनी डावा स्तन काढला. हा शब्द वाचून तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला दिसतंय. आपल्याकडे गळ्यापासून कमरेपर्यंत सगळ्याला छाती म्हणतात आणि पुढे बोलत नाहीत. शुद्धीवर आल्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा. बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते, दुकानादुकानांतून तराजू तपासण्यात जन्म गेला. अंगावरून काही उतरवून घेतलं तर ते किती भरलं हे मी विचारणारच. डॉक्टरांना वाटलं, बाईंच्या मनावर परिणाम झाला. दोन दिवसांनी त्यांनी समुपदेशक बाई धाडल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, तुम्ही काय गमावलंत असं तुम्हाला वाटतं? तोवर प्रयोगशाळेचा अहवाल आला होता. मी म्हटलं, सहाशे चाळीस ग्रॅम. (माझा अंदाज सहाशे पन्नासचा होता. नुसत्या नजरेने, निवृत्तीनंतर तीन वर्षांनी, दहा ग्रॅमची चूक वाईट नाही.) बाईंनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं.

आमचे हे तुला माहीत आहेत. चाळीस वर्षं लोकांची पुस्तकं बांधली, पण यांचं स्वतःचं बोलणं पानभरही भरणार नाही. पट्टी उघडायची त्या दिवशी मी यांना म्हटलं, बघवणार नसेल तर बाहेर थांबा. थांबले नाहीत. चष्मा पुसला, जवळून बघितलं, मग दोन पावलं मागे सरून लांबून बघितलं.

“टाके एकसारखे ओढलेत,” म्हणाले. “हात चांगला आहे.”

मी बारा दिवसांत पहिल्यांदा रडले. परिचारिकेला वाटलं, दुखलं. पुढे डॉक्टरांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते इतके खूश झाले की आपली तीन जाडजूड पुस्तकं त्यांनी बांधायला यांच्या हवाली केली. केसांबद्दल फार लिहीत नाही. ते गेले, आले आणि येताना कुरळे आले. ज्यासाठी तू तरुणपणी कागदाच्या पुंगळ्या गुंडाळून झोपायचीस, ते मला आपसूक मिळालं.

तोल जातो म्हणून डॉक्टरांनी कृत्रिम स्तन वापरायला सांगितलं. दवाखान्यासमोरच्या दुकानात काठ्या, कंबरपट्टे आणि शेकायच्या पिशव्या यांच्या मागे ते डबे लाजल्यासारखे ठेवलेले असतात. माझ्या मापाच्या डब्यावर सहाशे चाळीस ग्रॅम छापलं होतं. मी पिशवीतून माझा तराजू काढून काउंटरवर मांडला. (तो सोबत कशाला नेला होतास, असं विचारू नकोस. तू कोरड्या दिवशीही छत्री नेतेस.) आतला माल भरला पाचशे पंचाण्णव. मी मान वर केली तर दुकानदार पांढराफटक पडलेला. मग मीही त्याला ओळखलं. हा पूर्वी वाणी होता. पुडक्यासकट साखर तोलतो म्हणून वीस वर्षांपूर्वी मी त्याचा तराजू उचलून नेला होता. त्या अपमानाने त्याने किराणा बंद केला आणि मुद्दाम असा धंदा शोधला, ज्यात काही म्हणजे काही वजनावर विकलं जात नाही.

“बाई,” तो म्हणाला, “इथेसुद्धा?”

मी त्याला कायदा सांगायला लागले, तेवढ्यात त्यानेच रिकामा डबा उचलून पारड्यात ठेवला. पंचेचाळीस ग्रॅम. कंपनीने डब्यासकट वजन छापलं होतं. मग मात्र तो असा भडकला म्हणून सांगू! आपण पुडकं तोललं तर दुकान बसलं आणि ही मोठी माणसं राजरोस डबा तोलतात, हे त्याला सहनच होईना. कंपनीला तक्रार त्याने लिहिली, मी सुधारली. उत्तर अजून नाही.

हे सगळं एक बस कंडक्टर बाई मागे उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, माझंही तोलाल का, आणि ब्लाउजच्या आतून एक पायमोजा काढून पारड्यात ठेवला. मोज्यात मूग. चार वर्षं ती धावत्या गाडीत मूग घेऊन उभी होती. पावसात भिजली की मोड यायचे, दोनदा आले. मोजा भरला तीनशे दहा, आणि दुसऱ्या बाजूचा मी नजरेने अंदाज केला (तिने हरकत घेतली नाही) तो जवळजवळ दुप्पट. खांदा दुखतो तो वयामुळे, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

तेव्हापासून दर बुधवारी मी त्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसते. मी तोलते. वाणी पडदा ओढून आमच्याकडे पाठ करून बसतो. हे घरी बारीक काचेच्या मण्यांच्या छोट्या पिशव्या शिवून देतात, पुस्तकाच्या दोऱ्याने, पुस्तकाच्या टाक्याने. जिला जेवढं कमी पडतं तेवढी भर. गेल्या खेपेला अकरा जणी होत्या. एक शिक्षिका, एक माळीणबाई, एक निवृत्त न्यायाधीश (त्यांनी आकडा दोनदा तपासून घेतला). बत्तीस वर्षं मी ज्या दुकानात शिरले तिथे माणसांचे चेहरे पडले. आता मी तराजू काढला की बायका ताठ उभ्या राहतात. भीती गेली असं नाही; दर तीन महिन्यांनी अहवाल येईपर्यंत माझी प्रकृती तोळामासा असते, तो आला की पुन्हा किलोवर येते. पण इतकं बरं मला खात्यात कधी वाटलं नव्हतं. आभार कुठे पाठवायचे ते कळलं असतं तर पाठवले असते. तूर्त डॉक्टर, परिचारिका, वाणी आणि हे, एवढ्यांवर भागवते.

बाकी ठीक. थोरामोठ्यांना नमस्कार. घरात तुझ्याहून थोर कुणी उरलेलं नाही, तेव्हा तूच ठेवून घे.

तुझी,
धाकटी

ता. क. वरच्या पत्रात एक खोटं आहे. गाठ लागली आणि दुसऱ्याच दिवशी गेले, असं मी सगळ्यांना सांगते. मी चार महिने गेले नाही. वाटाण्याएवढी होती. बोटांनीच तोलली, दीड ग्रॅम ठरवली आणि गप्प बसले. झालं असेल तर मला कळायला नको, हे तुझं वाक्य मी चार महिने रोज आंघोळीच्या वेळी म्हटलं आहे. लवकर आला असतात तर गाठीपुरतंच काढलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. यांनाही हे मी सांगितलेलं नाही. तुलाच पहिल्यांदा सांगते आहे.

ता. क. २. विषय काढणार नाही म्हटलं, तेही खोटं. आज अकरा वाजताची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. ते तपासणीचं यंत्र यांच्या पुस्तकं दाबायच्या यंत्रासारखं असतं. दोन पाट्या, मध्ये तू. दाबतं, तू ओरडशील, दहा मिनिटांत सुटशील. बहुतेक काही निघणार नाही. निघालंच तर दीड ग्रॅमचं असतानाच निघू दे.

ता. क. ३. पाकिटावर तिकीट नाही हे तू पाहिलं असशील. दाराच्या फटीतून मीच सरकवलं. बेल वाजवली असती तर तू उघडलं नसतंस. सूनबाई गाडी आणायला गेली आहे. मी बाहेर पायरीवर बसले आहे आणि पायरी गार आहे. पत्र सावकाश वाच, पण चपला घालून वाच.